दिवा हिरवा आहे ना? मग झालं!

दोन नेटवर्क स्विचमध्ये दोन केबल टाकल्या, दोन्हींची मिळून एक लिंक केली, पोर्टांचे दिवे हिरवे लुकलुकायला लागले. आता रॅकचं दार लावा आणि जागेवर जाऊन बसा. हे एकत्रीकरण, म्हणजे लिंक ॲग्रिगेशन, खरोखर झालंय का हे तपासत बसणं हा संशयी माणसांचा उद्योग आहे, आणि तुम्ही तसे नाही. दिवा एवढंच सांगतो की समोरून सिग्नल येतोय. तो पोर्ट गटात सामील झालाय की दाराबाहेर ताटकळत उभा आहे, याच्याशी दिव्याला काही देणंघेणं नसतं. तुम्हीही ठेवू नका.

तरी कुणीतरी वरिष्ठ विचारतातच, "स्टेटस बघितलं का?" अशा वेळी नाइलाजाने कमांड मारावी लागते. सिस्कोचा स्विच असेल तर 'शो इथरचॅनेल समरी'. आउटपुटच्या सुरुवातीला कोणत्या अक्षराचा अर्थ काय याची भलीमोठी यादी येते. ती वाचण्यासाठी नसते, स्क्रोल करण्यासाठी असते. खाली पोर्ट-चॅनेलच्या, म्हणजे त्या अख्ख्या गटाच्या, नावापुढे कंसात 'एसयू' दिसलं की थांबा. मोठ्या लिपीतला एस म्हणजे लेअर टू (साध्या स्विचिंगचा थर), यू म्हणजे वापरात. झालं की काम!

नजर चुकूनही उजवीकडे जाऊ देऊ नका. तिथे प्रत्येक सदस्य पोर्टापुढे त्याचं स्वतःचं अक्षर असतं आणि सगळी कटकट तिथेच भरलेली असते. एकापुढे 'पी' असेल, म्हणजे तो गटात आहे. दुसऱ्यापुढे 'डी', म्हणजे तो पडलाय. किंवा 'आय', म्हणजे तो गटाबाहेर एकटाच संसार करतोय. किंवा लहान लिपीतला 'एस', म्हणजे सस्पेंडेड. मोठा एस निरुपद्रवी, लहान एस म्हणजे पोर्ट निलंबित, आणि दोघं एकाच ओळीत शेजारी. ज्याने हे ठरवलं त्याचे आभार मानावेत तेवढे थोडेच. वरिष्ठांना फोनवर वाचून दाखवताना नुसतं "एस आलंय" म्हणा. तुम्ही खोटंही बोलला नाहीत आणि खरंही कळू दिलं नाहीत.

पलीकडे लिनक्सचा सर्व्हर असेल तर 'प्रोक' फोल्डरमधली बाँडिंगची (लिनक्समध्ये ॲग्रिगेशनला हेच म्हणतात) फाइल उघडून दाखवायला सांगतील. घाबरू नका. वरच 'एमआयआय स्टेटस: अप' असं लिहिलेलं असतं, तेवढ्याचा स्क्रीनशॉट काढा. खाली गेलात तर 'पार्टनर मॅक ॲड्रेस', म्हणजे समोरच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता दिसेल, आणि तिथे सगळी शून्यं असतील तर त्याचा अर्थ समोरून कुणी उत्तरच दिलेलं नाही. दोन कार्डांचे ॲग्रिगेटर आयडी वेगवेगळे दिसले, तर ती दोघं एका गटात नाहीतच. या असल्या माहितीने कुणाचं भलं झालंय? त्याहून खाली 'पोर्ट स्टेट' नावाचा आकडा असतो. एलएसीपीमध्ये (दोन्ही टोकांनी आपसात बोलून गट ठरवण्याच्या पद्धतीत) प्रत्येक बाजू स्वतःची अवस्था आठ बिटांत सांगते: बोलायला तयार आहे का, जुळलंय का, पॅकेट घेतोय का, पॅकेट पाठवतोय का, वगैरे. सगळं सुरळीत असेल तर या बिटांची बेरीज ६१ येते, टायमर जलद असेल तर ६३. समोरचा गप्पच असेल तर 'समोरच्याची माहिती मी गृहीत धरली आहे' असं सांगणारं ६४ किमतीचं बिट चढतं आणि आकडा ६९ किंवा ७७ असा काहीतरी होतो. तुम्ही मात्र साधा हिशोब ठेवा. ७७ हा ६१ पेक्षा मोठा, म्हणजे लिंक जास्तच जोमात आहे.

एलएसीपी मुळात हवंच कशाला, हाही प्रश्न आहे. आयईईई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २००० साली ८०२.३एडी या नावाने ते प्रमाणित केलं, २००८ मध्ये उचलून ८०२.१एएक्स या वेगळ्या मानकात नेऊन ठेवलं, आणि अजूनही लोक जुनंच नाव घेतात. यावरून किती जणांनी ते उघडून वाचलंय याचा अंदाज करा. त्यात दोन्ही स्विच एकमेकांना ठरावीक वेळाने निरोप पाठवतात, मंद गतीत दर ३० सेकंदांनी, जलद गतीत दर सेकंदाला. लागोपाठ तीन निरोप चुकण्याएवढा वेळ गेला, म्हणजे ९० किंवा ३ सेकंद, की ती केबल गटातून बाहेर. एवढी विचारपूस सहन होत नसेल तर दोन्हीकडे मोड 'ऑन' ठेवा. कुणी कुणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही, आणि स्टेटस कायम प्रसन्न.

या मोडची खरी मजा मध्ये मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल आणि फायबर जोडणारा डबा) असला की येते. काही कन्व्हर्टर इतके मनमिळाऊ असतात की पलीकडची फायबर तुटली तरी अलीकडच्या पोर्टाचा दिवा विझू देत नाहीत. स्विचच्या मते दोन्ही केबल ठणठणीत; तो निम्मे संवाद इमानेइतबारे तुटलेल्या वाटेवर सोडत राहतो. कोणता संवाद कोणत्या केबलवरून जाणार हे पत्त्यांच्या हिशोबावरून ठरतं, त्यामुळे तक्रारी अगदी सुबक येतात. एका टेबलावरच्या माणसाला सर्व्हर दिसतो, शेजारच्याला दिसत नाही. ज्याला दिसत नाही त्याला दुसरा सर्व्हर मात्र झकास दिसतो. पिंग केलं, म्हणजे उत्तर येतं का बघायला छोटी पॅकेट्स पाठवली, तर एका पत्त्याला शंभरातले शंभर जातात, दुसऱ्याला एकही नाही, आणि दर वेळी तसंच. तुम्ही दोघांचेही संगणक रीस्टार्ट करायला सांगा. मग अँटीव्हायरसवर संशय घ्या. मग शेजारच्या माणसावर. पोर्ट-चॅनेल 'अप' आहे, त्यामुळे नेटवर्कवर संशय घ्यायचं कारणच नाही.

एलएसीपी वापरायचंच असेल तर दोन्ही बाजू 'पॅसिव्ह' ठेवण्याइतकी सभ्यता दुसऱ्या कशात नाही. दोघंही समोरच्याने आधी बोलावं म्हणून वाट बघतात, कुणीच बोलत नाही, गट बनत नाही. थोडा थरार हवा असेल तर एका बाजूला 'ऑन' आणि दुसऱ्या बाजूला एलएसीपी ठेवा. पहिला स्विच गट झालाच असं धरून चालतो, दुसरा निरोपाची वाट बघत पोर्ट अडकवून तरी ठेवतो किंवा सुटे तरी सोडतो. आणि सुटे सोडले की लॉगमध्ये तोच मॅक पत्ता या पोर्टावरून त्या पोर्टावर उड्या मारताना दिसू लागतो.

'शो एलएसीपी नेबर' ही कमांड तर मारूच नका. ती प्रत्येक केबलच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते सांगते. दोन्ही केबलसमोर एकच सिस्टीम आयडी दिसला पाहिजे. वेगवेगळे दिसले, तर कुणीतरी दुसरी केबल भलत्याच स्विचमध्ये खोचलेली आहे, किंवा दोन स्वतंत्र स्विचना एकच समजून जोडलंय आणि त्यांना एकत्र भासवणारी एमलॅगची व्यवस्था केलेलीच नाही. हे कळलं की रॅकच्या मागे जाऊन लेबलं वाचावी लागतात. लेबलं असतील तर.

एलएसीपीचे काउंटरही तितकेच आगाऊ. पाठवलेल्या निरोपांचा आकडा वाढतोय आणि आलेल्यांचा शून्यावर अडलाय, असं ते बिनदिक्कत दाखवतात.

वेगाबद्दल बोलायचं तर वरिष्ठांना बेधडक सांगा, एक गिगाबिटच्या दोन केबल म्हणजे दोन गिगाबिट. ते मोठी फाइल कॉपी करून बघतील आणि वेग एका गिगाबिटच्या वर जायला तयार होणार नाही. एका संवादाची पॅकेट्स मागेपुढे होऊ नयेत म्हणून स्विच तो सगळा संवाद एकाच केबलवर ठेवतो. दुसरी केबल रिकामी असली तरी. हे सांगत बसू नका, डिस्क स्लो आहे म्हणा. हॅशिंग, म्हणजे केबल निवडण्याचा तो हिशोब, नुसत्या पोचायच्या ठिकाणाच्या मॅक पत्त्यावर ठेवलेलं असेल आणि सगळी वाहतूक एकाच राउटरकडे जाणारी असेल, तर अख्खं ऑफिस एका केबलवर कोंबलं जातं आणि दुसरी केबल शोभेला राहते. आयपी आणि पोर्ट क्रमांक धरून हिशोब करायला लावला तर बराच फरक पडतो, पण त्यासाठी दोन्ही स्विचवर बघावं लागतं, कारण जायची वाट प्रत्येक जण आपापली ठरवतो. कोण जाणार तिकडच्या स्विचचा पासवर्ड शोधायला?

आता मॉनिटरिंग. त्यात फक्त पोर्ट-चॅनेल टाका, सदस्य पोर्ट टाकू नका. अलर्ट कमी येतात. पहिली केबल गेली तरी पोर्ट-चॅनेल 'अप'च राहतो, कारण त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप केलेला असतो. डॅशबोर्ड हिरवा, अहवाल हिरवा, ऑडिटमध्ये 'रिडंडंट लिंक: आहे'. ही स्थिती कितीही महिने टिकू शकते. मिनिमम लिंक्स नावाची एक सेटिंग असते, तिने ठरलेल्यापेक्षा कमी केबल उरल्या की अख्खा गट खाली येतो आणि वाहतूक दुसऱ्या वाटेने जाते. पण गट खाली आला की अलर्ट येतो, म्हणून तिच्या वाटेला जाऊ नका. मग एक दिवस दुसरीही केबल जाते, आणि तुम्ही मीटिंगमध्ये शांतपणे सांगता की दोन केबल एकाच क्षणी तुटल्या, असं लाखात एकदाच होतं.

प्रत्येक टीममध्ये एक माणूस असतो ज्याला यातलं काही पटत नाही. बदलाची परवानगी काढून, रात्रीची वेळ घेऊन, तो चार वेगवेगळ्या पत्त्यांवर सतत पिंग लावतो आणि एकेक केबल हाताने उपसतो. उपसली की सदस्यांची यादी बघतो, परत लावली की तो पोर्ट 'पी' होईपर्यंत थांबतो, मगच दुसरीला हात घालतो. त्याला प्रोत्साहन देऊ नका. दुसरी केबल उपसताना नेटवर्क पडलं, तर पाडलं त्यानेच. आणि एकही पिंग न चुकता सगळं पार पडलं, तर त्याला सर्वांसमोर विचारा की काही होणारच नव्हतं तर परवानगी कशाला मागितली होती.