देव न मानणाऱ्याच्या माथी आत्महत्या मारू नका

मागच्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचीची सोयरीक जुळत आली आहे, साक्षगंधाची तारीख काढायची तेवढी बाकी. मुलाकडच्या कोणीतरी तिला व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "मुलीचे मामा यातलेच म्हणतात, खरं आहे का?" बहीण घाबरून विचारत होती, "दादा, लग्नात तू पोरीच्या मागं उभा राहशीन ना? का तेही तुले चालत नाही?"

मी उभा राहीन. पण हे तिला फोनवर समजावून सांगायची वेळ यावी, याचा मला फार संताप आला. नंतर तोच मेसेज भाऊकीच्या ग्रुपवर आला, मग शेतकरी गटाच्या, मग शाळेतल्या जुन्या मित्रांच्या. आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

मेसेजचं शीर्षक आहे, 'नास्तिकाला नास्तिक म्हटलं की मिरच्या का झोंबतात?' खाली पाच मुद्दे. नास्तिकाला मनातून स्वतःची लाज वाटते, म्हणून तो त्या शब्दावर चिडतो. त्याला पापाची भीती नसते, म्हणून त्याच्याशी सोयरीक आणि पैशाचा व्यवहार करू नये. विदर्भातल्या माणसानं देव सोडला, म्हणून इथला शेतकरी आत्महत्या करतो. हे खूळ परदेशातून आलं, संतांच्या भूमीत त्याला जागा नाही. आणि कायद्यातही 'धर्म नसलेला माणूस' असा प्रकारच नाही.

तिसरा मुद्दा आधी घेतो. बाकीच्यांनी माझा अपमान होतो, यानं मेलेल्या माणसांचा होतो.

यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला आत्महत्या झालेल्या घरी भेटीला जावंच लागतं. मीही गेलो आहे. समोरच्या खोलीत गजानन महाराजांचा फोटो असतो. कोनाड्यात लाल फडक्यात बांधलेली पोथी असते. खुंटीवर बैलांच्या घुंगरमाळा टांगलेल्या असतात, बैल विकून झालेले असतात. आणि त्या घरची बाई एक प्लॅस्टिकची पिशवी आणून समोर ठेवते. तिच्यात सातबारा, बँकेचं पासबुक, सोसायटीची नोटीस, कृषी केंद्राच्या उधारीच्या पावत्या. अशा एकाही घरात मला देव सोडलेला दिसला नाही. उलट शेवटच्या वर्षी शेगावची एक वारी जास्तच झालेली असते, कारण माणूस अडचणीत आला की तिकडेच धाव घेतो. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण 'देव सोडला म्हणून मेला' हे कोणत्या तोंडानं म्हणता?

सरकारलासुद्धा असं वाटत नाही. अशा मृत्यूनंतर कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत मिळते आणि ती द्यायची की नाही हे ठरवताना यंत्रणा काय विचारते, ते गावातल्या पोराबाळांनाही पाठ झालं आहे. शेती नावावर होती का, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं होतं का, परतफेडीचा तगादा होता का. हे निकष अपुरे आहेत, त्यात बसत नाही म्हणून कितीतरी घरं 'अपात्र' ठरतात, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. पण मूर्ती किती होत्या, हा प्रश्न त्या अर्जात नाही. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. ते कर्ज, सिंचन, बियाणं यांसाठी होतं. त्या पॅकेजनं किती फरक पडला यावर भांडता येईल. दुखणं कुठे आहे यावर भांडण नव्हतं.

कोरडवाहू कापूस, पावसाचा खंड, गुलाबी बोंडअळी, भाव पडलेला असताना घरात कापूस ठेवायला ना जागा ना दम, आणि त्यातच पोरीचं लग्न किंवा दवाखाना. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. तीही देव सोडल्यामुळे गेली का? त्यांच्या पाठीवर पंप होता आणि तोंडाला साधा रुमाल.

हा मेसेज लिहिणाऱ्याला एक गोष्ट कळली नसावी, किंवा कळूनही त्यानं लिहिलं असेल. त्याचा पहिला मार मला बसतच नाही. मी जाहीरपणे देव न मानणारा आहे, मला ऐकायची सवय आहे. मार बसतो त्या बाईला. तेरवीला आलेली एखादी म्हातारी तिला म्हणून जाते, "बाई, तुमचं कुलदेवतेचं काही राह्यलं असन." ती बाई दरवर्षी सगळं करत आलेली असते आणि तरी रात्रभर आठवत बसते की काय राहिलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यामुळे या मुद्द्यावर मला शांतपणे बोलता येत नाही.

आता पाप-पुण्य. माझे बाबा अर्धांगवायूनं बरीच वर्षं अंथरुणावर होते. ते माळकरी. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीतून तीन-चार वेळा त्यांची कूस बदलावी लागे, ते काम माझं आणि भावाचं होतं. डोळ्यांनी दिसेनासं झाल्यावर संध्याकाळी त्यांना हरिपाठ मी वाचून दाखवायचो. माझा विठ्ठलावर विश्वास नाही, पण बाबांचा होता आणि बाबा माझे होते. त्यांची तेरवी भावानं केली, मी केस दिले नाहीत. घाटावर त्यावरून कुजबुज झाली. ज्यांनी कुजबुज केली त्यांच्यातला एकही जण रात्री दोन वाजता आमच्याकडे कूस बदलायला आला नव्हता.

पैशाच्या व्यवहाराचं म्हणाल तर आमच्या गावच्या हनुमान मंदिराच्या सप्ताहाचा हिशेब माझ्याकडे आहे. मी मागितला नव्हता, मंडळींनी बोलावून दिला. तांदूळ किती, तुरीची डाळ किती, तेलाचे डबे किती, वर्गणी कोणाची बाकी, सगळं महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर लागतं. देणाऱ्यांना माझी मतं ठाऊक होती. त्यांनी माणूस पाहिला. देव मानणारे चांगले आणि वाईट, दोन्ही असतात. न मानणाऱ्यांतही असतात. याच्यापेक्षा जास्त काही या मुद्द्यावर बोलण्यासारखं नाही.

मग पहिला मुद्दा, लाज आणि मिरच्या. इथे थोडं खरं आहे ते मान्य करतो. आमच्यातल्या काहींना हा शब्द खरंच आवडत नाही. काहींना मात्र तोच हवा असतो. भगतसिंगांनी फाशीआधी तुरुंगात स्वतःला सरळ नास्तिक म्हणून घेतलं, लपवाछपवी केली नाही. मीही तोच शब्द वापरतो, कारण गावात तो सगळ्यांना समजतो. पण माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांना तो चालत नाही. ते म्हणतात, "मी काय मानत नाही एवढंच का सांगत फिरू? मी विवेकवादी आहे म्हणा." मला त्यांचा शब्द पटत नाही, कारण मग माझी हरिपाठ म्हणणारी आई काय अविवेकी? यावर आमची दोघांची बरीच वादावादी झाली आहे. दुसरा एक मित्र बौद्ध आहे. त्याला कोणी नास्तिक म्हटलं की तो ठणकावून सांगतो, "मी बौद्ध आहे, मला माझा धम्म आहे." त्याच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घरात भिंतीवर आहेत. त्याला आमच्या रांगेत बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि खरी बोच इथे आहे. आमच्याकडे 'मी देव मानत नाही' असं म्हटलं की समोरचा आधी आडनाव विचारतो. आडनाव कळलं की त्याचं समाधान होतं, 'हां, म्हणजे त्यातला.' आडनाव त्याच्या अंदाजात बसलं नाही की मग 'अंनिसवाला' (म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा), 'बिघडला', 'शहरात शिकून आला'. माणूस विचार करून या मतावर आला असेल, ही शक्यताच कोणी धरत नाही. बायांचं तर त्याहून वाईट. आमच्या शेजारच्या गावातली एक अंगणवाडी सेविका वटपौर्णिमा करत नाही. तिनं स्वतः ठरवलं, नवरा अजून गुरुवार करतो. तरी गाव म्हणतं, नवऱ्यानं बिघडवली. तिला नास्तिकसुद्धा म्हणत नाहीत, तेवढा मानही देत नाहीत. ती मला म्हणाली, "भाऊ, मले शिवी दिली तरी चालन, पण माह्या डोक्यातलं माह्या नवऱ्याच्या नावावर नका टाकू." चिडण्याचं कारण हे आहे. त्यात लाज कुठेच नाही.

अजून एक मान्य करतो, जड मनानं. आमच्यातले काही जण पोळ्याला, सप्ताहाला मुद्दाम लोकांना डिवचतात. देव्हाऱ्यासमोर उभं राहून थट्टा करतात. त्यांच्यामुळे हा शब्द शिवीसारखा झाला, यात त्यांचा वाटा आहे. त्यांना मी तोंडावर बोललो आहे.

परदेशी खूळ हा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. देव-परलोक न मानणारे प्राचीन चार्वाक इथलेच, आणि मनुस्मृतीला वेद न मानणाऱ्याला नास्तिक ठरवून बाहेर काढायला सांगावं लागलं, म्हणजे ती माणसं तेव्हाही इथे होती. राहिले संत. शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा किंवा मोझरीचे तुकडोजी महाराज नास्तिक नव्हते आणि मी त्यांना तसं म्हणणार नाही, ते 'गोपाला गोपाला' म्हणणाऱ्यांचे आहेत. पण देवाला बकरं कापू नका, कर्ज काढून सण करू नका, हे गाडगेबाबांनी गावोगाव कीर्तनातून सांगितलं. त्यांचं नाव घेऊन सोयरीक मोडायला निघालेल्यांनी ते एकदा ऐकावं.

शेवटचा मुद्दा कायद्याचा, आणि तो धडधडीत खोटा आहे. मुंबई उच्च न्यायालयात २०१४ साली न्यायमूर्ती अभय ओक आणि अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठानं यावर स्पष्ट निकाल दिला. अर्ज करणारे नास्तिकही नव्हते. ते येशूला मानत होते, पण आम्ही कोणत्याच धर्माचे नाही, असं राजपत्रात छापून द्या म्हणत होते आणि सरकारी मुद्रणालयानं नकार दिला होता. न्यायालयानं सांगितलं की संविधानाच्या कलम २५ मधल्या सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात 'मी कोणत्याच धर्माचा नाही' असं म्हणण्याचा हक्क येतो, आणि कोणत्याही फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती सरकारी यंत्रणा करू शकत नाही. विधानसभेपासून लोकसभेपर्यंत निवडून आलेल्या माणसाला ईश्वराला स्मरून शपथ घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते, ही सोयही उगाच ठेवलेली नाही.

एवढं खरं की लग्न आणि वारसा यात जन्मानं मिळालेल्या धर्माचा कायदा माणसाचा पिच्छा सोडत नाही. त्यातल्या लग्नापुरता १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. बाकीचं अजून व्हायचं आहे. पण 'असा प्रकारच नाही' म्हणणाऱ्यानं २०११ ची जनगणना उघडावी. देशात ३३,३०४ जणांनी स्वतःची नोंद नास्तिक अशी केली, त्यातले ९,६५२ एकट्या महाराष्ट्रातले. आणखी जवळपास २९ लाख लोक 'धर्म सांगितला नाही' या रकान्यात आहेत.

येत्या जनगणनेत गावोगावचे शिक्षक आणि सरकारी कर्मचारी दारोदार फिरतील. त्यांना माझी विनंती आहे. धर्माचा रकाना आडनाव पाहून आधीच भरून टाकू नका. घरातल्या प्रत्येकाला विचारा, बाईलाही विचारा, आणि ती सांगेल तेच लिहा.