आर्चटॉप गिटारचा ब्रिज चिकटवू नका

'आर्चटॉप गिटारचा ब्रिज सरकतो, म्हणजे तो निघालाय. गोंदाने काटकोनात पक्का करा' असा एक संदेश फिरतोय. हे चुकीचं आहे. आर्चटॉप म्हणजे वरचं लाकूड कमानदार असलेली गिटार; तिच्या तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज. हा ब्रिज मुळातच मोकळा असतो, फक्त तारांच्या दाबाने जागेवर राहतो. चिकटवला की तो सरकवून सूर जुळवायची सोयच संपते. शिवाय पुढे तो काढताना वरच्या लाकडाला इजा होण्याची भीती.

ब्रिज योग्य जागी आहे का, याची खात्री स्वतः करून घ्या. बाराव्या फ्रेटवरचा (दांड्यावरच्या बाराव्या आडव्या पट्टीवरचा) हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता हलकेच स्पर्श करून येणारा स्वर, आणि तिथेच तार दाबून येणारा स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर तारा थोड्या सैल करून ब्रिज टेलपीसकडे (तारांची मागची टोकं अडकतात तिकडे), उतरलेला असेल तर नेककडे (दांड्याकडे), अगदी केसभर सरकवा. सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक तारेसाठी हे वेगवेगळं करा. जाड तारांची बाजू बहुधा किंचित मागे जाते. तो तिरकेपणा दोष नव्हे. मात्र सुरात लावताना ब्रिजचा माथा नेककडे झुकतो. तेवढा सरळ उभा करा, पाया वरच्या लाकडाला पूर्ण टेकलेला हवा. तारा बदलताना एकेकच काढा.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर तिथेच ही दुरुस्ती टाका.