वॉल पुट्टीचा डमी मी का सांगत नाही

ताई, दुकानात नुसता दाखवायला ठेवायच्या डमी केकला आत थर्माकोल आणि वर रॉयल आयसिंग (पिठीसाखरेचा, वाळला की कडक होणारा लेप) वापरा, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "डमी केकवर रॉयल आयसिंग म्हणजे किलोभर साखर वाया. मी वॉल पुट्टीने करते, मुंगी फिरकत नाही, वर्षभर टिकतो. आणि थर्माकोल तर बंद आहे, तोच तुम्ही सांगता," असं तुम्ही लिहिलंत.

थर्माकोलचं अगदी बरोबर. १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल देशभर बंद आहे, मी जुन्या सवयीने लिहून गेले. तो भाग आजच बदलते. हल्ली मी स्टीलचे जुने, सरळ कडांचे डबे उपडे घालून वापरते. त्यांना मैद्याच्या खळीने कागद चिकटवायचा आणि तो खडखडीत वाळला की वरून आयसिंगचे दोन पातळ हात द्यायचे. नुसत्या स्टीलवर आयसिंग धरत नाही, पोपडे निघतात. डमी जुना झाला की डबा गरम पाण्यात बुडवून ठेवा. साखर विरघळते, कागद सुटतो, डबा पुन्हा तयार.

पुट्टीचं मात्र मला पटत नाही. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी क्षारयुक्त असते, बोटांना लागली की कातडी कोरडी पडून चुरचुरते. मागच्या आखाजीला लग्नाच्या केकची ऑर्डर सांगायला एक जोडपं आलं होतं. आम्ही डिझाइन बघतोय तोवर त्यांच्या चार वर्षांच्या मुलाने खालच्या थरावरचं गुलाबाचं फूल खुडून तोंडात टाकलं. कडकड चावलं आणि दुसऱ्या फुलाला हात घातला. ती साखर होती, म्हणून त्याच्या आईशी मी शांतपणे बोलू शकले. त्या दिवशी पुट्टीचं फूल असतं तर?

टिकण्याचं म्हणाल, तर बटरक्रीमबद्दल तुमची तक्रार मी लगेच मान्य केली असती. मे महिन्यात, ४४-४५ अंशांत, मी एकदा तसा डमी काउंटरवर ठेवला होता. दुपारी चारपर्यंत झालर बोर्डावर उतरली, खाली तेलाचा डाग. रॉयल आयसिंग त्याच हवेत दगडासारखं वाळतं. त्याला सोसत नाही तो आपला कूलर. ओलसर वारा रोज अंगावर आला की कडा मऊ पडतात, म्हणून डमी कूलरच्या झोतात ठेवू नका. पावसाळ्यात तर काचेचं कपाट हवंच. मुंग्यांसाठी मी टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवते. गुलाबी आणि जांभळा रंग उन्हाने आधी उडतो, तेवढं दारासमोर टाळा.

तरीही पुट्टीच वापरणार असाल, तर डमी काचेआड ठेवा आणि "खाण्याचा नाही" अशी ठळक चिठ्ठी लावा. पुट्टीची नोझलं पुन्हा क्रीमला लावू नका. हाताखालच्या मुलींना घाईत फरक कळत नाही, तेव्हा त्या नोझलांचा डबाच वेगळा करा आणि झाकणावर लाल ठिपका द्या.