"हातात ब्रश धरलाय का?" असं विचारणाऱ्या सरांना

सर, तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, आहे तशी ठेवली आहे. रंगांच्या मिश्रणात लाल-पिवळा-निळा यांच्यापेक्षा सायन (आकाशी निळा), मॅजेंटा (आपला राणी कलर) आणि पिवळा हे मूळ रंग म्हणून जास्त खरे, असं मी लिहिलं होतं; लाल आणि हिरवा प्रकाश मिसळला की पिवळा दिसतो, असंही. त्यावर तुम्ही म्हणता, "लाल-हिरवा मिळून पिवळा हा तर विनोद! अबालाल रहिमान काय मॅजेंटा घेऊन बसायचे? आयुष्यात कधी हातात ब्रश धरलाय का?" (अबालाल म्हणजे कोल्हापूरचे जुने नामवंत चित्रकार.) शिवाय माझ्या शुद्धलेखनावर दोन ओळी.

मतभेद असू दे हो, पण हा सूर? वर्गातल्या पोराला झापावं तसा? स्वतःला कलाशिक्षक म्हणवता, निदान नाव तरी घालायचं.

आता ब्रशचं. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शाळा सुटली की डबे ढवळायला मी. जांभळा हवा म्हणून शेंदरी लालात निळा ओतला की तपकिरी चिखल व्हायचा, मग वडील शिव्या घालत राणी कलरचा डबा उघडायला लावायचे. कारण साधं आहे: तो लाल रंग प्रकाशातला हिरवा-निळा भाग गिळतो, निळा रंग लाल भाग गिळतो, डोळ्यापर्यंत फारसं काही पोचतच नाही. राणी कलर मुख्यतः हिरवाच खातो, म्हणून जांभळा खुलतो.

पुढे कोल्हापूरच्या शाहूपुरीत ऑफसेट छापखान्यात उमेदीची वर्षं काढली. चार कलरच्या कामात (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) लाल शाईचा डबाच नसतो, सर. लग्नपत्रिकेवरचं कुंकू म्हणजे पिवळ्यावर चढवलेला मॅजेंटा. पिवळा रंग निळा प्रकाश खातो, मॅजेंटा हिरवा खातो, उरतो लाल. आता उलट करून दाखवा: लालात वाट्टेल ते मिसळून मॅजेंटा काढा. निघणार नाही. जो दुसऱ्या दोघांतून तयार होतो त्याला मूळ म्हणायचं, आणि जो कशातूनच होत नाही त्याला नाही, हे कुठलं गणित?

अबालालांचं एक मान्य. ते १९३१ मध्ये गेले आणि आजचा पक्का मॅजेंटा ज्यांच्यापासून बनतो ती क्विनाक्रिडोन नावाची रंगद्रव्यं बाजारात आली १९५८ मध्ये. तो त्यांच्याकडे नव्हता. पण फक्त तीन रंगांवर चित्र काढायची सक्ती त्यांच्यावर कोणी केली होती?

"विनोदा"चं म्हणाल तर मोबाइलवर पिवळं चित्र लावा, पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवा आणि निरखून बघा. लाल आणि हिरवे ठिपके दिसतील, पिवळा एकही नाही. प्रकाश मिसळताना भर पडते, रंगद्रव्य मिसळताना वजाबाकी होते. हा फरक जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५२ मध्येच मांडलाय, मी घरी बसून रचलेला नाही.

शुद्धलेखनाला उत्तर देत नाही. पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तरच इथे दिसेल.