लोअर आर्मचा बुश २४ दिवसांत फाटला, त्याबद्दल

नमस्कार साहेब,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. २००९ची डिझेल स्विफ्ट, पुढून धडधड आवाज, म्हणून आमच्याकडं ७,८५० रुपयांचं काम करून घेतलंत, त्यात लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबराचे तुकडे, बदलले. २४ दिवसांत आवाज परत आला. दुसऱ्या मेस्त्रींनी लोअर आर्मचा बुश फाटलेला दाखवला. त्याशिवाय स्टेअरिंग वळवताना टण्ण आवाज येतोय आणि डाव्या टायरची आतली कड खाल्लीय. 'लोकल माल घालून फसवलं' असं लिहून एक स्टार दिलात. यातलं एक पूर्ण आमच्याकडं लागतं, एक अर्धं लागतं आणि एक लागत नाही.

बुशचा फोटो टाकलात ते बरं केलंत. रबर फुगलेलं नाही, त्याला तेल लागलेलं नाही. आतल्या लोखंडी नळीच्या कडेनं अर्धगोल चीर गेलीय आणि नळीवर रबराचा पातळ थर अजून चिकटून आहे. हलका माल असता तर रबर नळीपासून सालीसारखं सुटलं असतं आणि आत नुसतं लोखंड दिसलं असतं. वयानं गेलेल्या बुशला तर सगळीकडून बारीक भेगा पडतात. तुमचा पिळून फाटलाय. म्हणजे माल ठीक होता, बसवणं चुकलं, आणि बसवलं आम्हीच.

लोअर आर्मचा पुढचा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. बोल्ट आवळला की आतली नळी चॅसीच्या बाजूला घट्ट धरली जाते, बाहेरची नळी आर्ममध्ये प्रेसनं बसलेली असते, आणि चाक वर-खाली होताना मधलं रबरच पिळतं व सुटतं. गाडी लिफ्टवर असताना चाकं लोंबकळतात, आर्म दहा-पंधरा अंश खाली झुकतो. त्याच अवस्थेत बोल्ट फुल्ल आवळला तर रबराची 'सरळ' जागा तीच ठरते. मग गाडी जमिनीवर आली की बुश उभ्या जागीसुद्धा पिळलेला, आणि बेळगावकडच्या जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर खड्ड्यात चाक वर गेलं की दुप्पट पिळणार. त्यात पुढं डिझेल इंजिनाचं जादा वजन. फाटणारच.

बरोबर पद्धत अशी: बुश प्रेस करताना ग्रीस-ऑईल लावायचं नाही, साबणाचं पाणी लावायचं. बोल्ट घालून हातानं टेकवायचे, तेवढेच. चाकं लावून गाडी जमिनीवर उतरवायची, बॉनेटकडून दोन-तीनदा दाबून सोडायची म्हणजे ती आपल्या उंचीला बसते. मग गॅरेजमधल्या खड्ड्यावर घेऊन खालून टॉर्क पान्यानं (ठरावीक जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) आवळायचं. लिफ्टवरच करायचं असलं तर आर्मच्या टोकाखाली जॅक लावून चाकाची उंची जमिनीवर असते तेवढी करून घ्यायची. यात वीसेक मिनिटं जादा जातात, आणि तीच वाचवायचा मोह होतो. तुमच्या जॉबकार्डवर गाडी खड्ड्यावर घेतल्याची नोंद नाही. उजव्या बाजूचा बुश अजून शाबूत दिसत असला तरी तोही तसाच पिळलेला असणार, म्हणून नुसता डावा बदलून घेऊ नका.

अख्खा आर्म का बदलला नाही, असंही तुम्ही विचारलंय. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं तेव्हा प्ले (ढिलेपणा) नव्हता, बॉल जॉइंटचा (आर्मच्या टोकाचा गोळ्याचा सांधा, ज्यावर चाक वळतं) रबरी बूट कुठं फाटलेला नव्हता. चांगला बॉल जॉइंट टाकून द्यायचं कारण नव्हतं. ते अजूनही तसंच वाटतं.

आता टण्ण आवाजाचं. हा बुशचा नव्हे. गाडी उभी असताना एकानं स्टेअरिंग फिरवावं आणि दुसऱ्यानं चाकामागून हात घालून कॉइल स्प्रिंगवर बोटं टेकवावीत. (इंजिन बंद ठेवून, आणि बोटं वेटोळ्यांच्या मध्ये नकोत.) शॉकअपचं वरचं बेअरिंग चांगलं असलं तर स्प्रिंग सावकाश फिरते. गंजून धरलं असलं तर स्प्रिंग आधी पिळ खाते आणि मग झटक्यात सुटते, तोच टण्ण. बेअरिंगमध्ये तांबडा चिखल आणि पाणी शिरलं की आपल्याकडच्या एका पावसाळ्यातसुद्धा ते जातं. तुमच्या दोन्ही बाजूंची बेअरिंगं धरलेली होती आणि एस्टिमेटमध्ये ती घातली होती. तुम्ही 'आता नको' म्हणालात, त्यावर सहीही आहे. आमची चूक एवढीच की ती ओळ पोरानं कन्नडमध्ये लिहिली आणि तोंडी नीट समजावली नाही. तो आवाज राहणार हे तुम्हाला त्याच दिवशी कळायला हवं होतं. पण ७,८५० मध्ये ते काम नव्हतं, त्यामुळं ते फुकट होणार नाही.

आवाज आला की आपल्याकडं सगळे आधी लिंक रॉडचं (गाडी वळताना कलू न देणाऱ्या बारला चाकाच्या बाजूशी जोडणारी छोटी दांडी) नाव घेतात. तुमचे लिंक रॉड खरंच गेले होते. बॉल हातानं लुळे हलत होते. जुने तुमच्या डिकीत पिशवीत ठेवलेत, तपासून बघा.

टायरचं प्रकरण अर्धं-अर्धं. डावा टाय रॉड एंड (स्टेअरिंगची दांडी चाकाला जोडणारं टोक) बदलला. जुना काढताना आटे मोजून नवा तेवढ्याच आट्यांवर बसवतात, पण नव्या-जुन्याची लांबी केसभर इकडं-तिकडं असतेच. ही तडजोड गाडी अलाइनमेंटवाल्यापर्यंत (चाकांचे कोन मोजून लावून देणाऱ्यापर्यंत) नेण्यापुरती असते, २४ दिवस चालवायला नव्हे. बिलामागं 'अलाइनमेंट करून घ्या' लिहिलेलं आहे, ते झालं नाही. पुढचा टो (वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) बाहेर फाकला की आतली कडच आधी जाते. टायरवर तळवा बाहेरून आत आणि परत आतून बाहेर फिरवून बघा. एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं करवतीसारखं खरखरीत लागलं तर दोष टोचा. मात्र फाटक्या बुशनंसुद्धा ब्रेक मारताना चाक मागं सरकतं आणि टो बिघडतो, त्यामुळं सगळं तुमच्यावर ढकलत नाही. टायर आम्ही देणार नाही, अलाइनमेंटचा खर्च देऊ. खाचांमधल्या १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत आतली कड आली असेल तर तो टायर मागच्या चाकाला टाकून चालवत बसू नका, बदला.

आमच्याकडून एवढं करू: दोन्ही बाजूंचे चारही बुश नवीन, मजुरी नाही, आणि शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर असताना तुमच्यासमोर. दुसऱ्या मेस्त्रींकडं काम आधीच झालं असेल तर त्यांचं बिल आणि फाटलेला बुश घेऊन या. बुशची आमची किंमत आणि मजुरी परत देऊ. त्यांनीही लिफ्टवरच आवळलंय का, तेवढं विचारून घ्या. काम झाल्यावर अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा कागद हातात घ्या. या गाडीत कॅम्बर-कॅस्टर (चाकाचा उभा कल आणि त्याच्या वळायच्या अक्षाचा कल) बदलायची सोय नाही, फक्त टो लागतो. कॅम्बर मर्यादेबाहेर दाखवत असेल तर शॉकअप किंवा नकल (चाक धरणारा लोखंडी भाग) वाकलाय का ते वेगळं बघावं लागेल.

काम अर्ध्या दिवसाचं आहे, सकाळी लवकर आणलीत तर दुपारी मिळेल. तोपर्यंत चोर्ला घाटानं गोव्याला जाऊ नका. ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढायला लागली तर चालवत आणू नका, फोन करा, आम्ही टोचन लावून आणतो.