‘अपघाताची भरपाई बंद करायचे पाच कायदेशीर मार्ग’: त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

गेल्या पंधरा दिवसांत हा मेसेज मला तीन जणांनी पाठवला, दोघे छोटे कारखानदार आणि एक एचआरमधला ओळखीचा मुलगा. तिघांनाही तो खरा वाटला म्हणून हे लिहायला बसलोय. मेसेजचं म्हणणं असं की कामावर अपघात झालेल्या माणसाला मालक जी भरपाई देतो ती पाच प्रकारे ‘कायदेशीर’ बंद करता येते. एक, आपल्या डॉक्टरचं फिट सर्टिफिकेट घ्या. दोन, लाईट ड्युटी द्या, आला तर पगार सुरू म्हणून भरपाई बंद, नाही आला तर गैरहजर म्हणून बंद. तीन, स्टॅम्प पेपरवर ‘हिशोब पूर्ण’ लिहून सही घ्या. चार, राजीनामा दिला किंवा ठेकेदाराचं काँट्रॅक्ट संपलं की जबाबदारी संपली. पाच, चूक कामगाराची होती असं दाखवा. आणि शेवटची ओळ, बंद केली तरी कामगार काही करू शकत नाही.

मी पुण्याजवळ भोसरीच्या बाजूला एका आठ माणसांच्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून पार्ट बनवायचं वर्कशॉप) अकाउंट आणि टाईम ऑफिस दोन्ही बघायचो. त्यातला तिसरा मार्ग मी स्वतःच्या हाताने वापरलाय, त्याबद्दल खाली लिहितो.

आधी एक गोष्ट जी मेसेजमध्ये नाहीच. कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं आहेत आणि माणसाचा पगार महिन्याला 21,000 पर्यंत आहे तर बहुतेक ठिकाणी तो ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत येतो. मग पैसे मालक देतच नाही, ईएसआय कॉर्पोरेशन देतं, तात्पुरतं अपंगत्व असेल तर सरासरी रोजाच्या 90 टक्क्यांच्या आसपास, आणि किती दिवस द्यायचं ते त्यांच्या डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर ठरतं. मालकाने बंद करायचा प्रश्नच नाही. उलट हा लाभ चालू असताना नियमांत बसत नाही अशा रीतीने माणसाला काढणं, खालच्या पदावर टाकणं किंवा शिक्षा करणं याला ईएसआय कायद्याच्या कलम 73 ने बंदी आहे, आणि त्या काळात दिलेली काढल्याची नोटीस कायद्यापुढे टिकत नाही. मालकाचं काम म्हणजे अपघाताचा रिपोर्ट वेळेत पाठवणं, आणि खरा घोळ तिथेच होतो, रिपोर्ट जातच नाही.

म्हणजे हा मेसेज लागू होतोच तर ईएसआयबाहेरच्यांना, छोटी वर्कशॉप, बांधकाम, किंवा 21,000 च्या वर पगार असलेला माणूस. त्यांच्यासाठी 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता 2020 आलीय, त्यात कर्मचारी भरपाईचं वेगळं प्रकरण आहे आणि मी खाली जे सांगतोय त्याचा गाभा तिथेही तोच आहे, फक्त कमिशनरऐवजी (म्हणजे भरपाईचे दावे ऐकून निकाल देणारा अधिकारी) सक्षम प्राधिकारी म्हटलंय. मी जुनी कलमं देतोय कारण सध्या चालू असलेल्या बहुतेक केसेस त्याच कलमांच्या आहेत आणि लोकांच्या तोंडी तेच आकडे आहेत.

तर फिट सर्टिफिकेट. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के द्यायचे, पगार कितीही असला तरी हिशोबाला 15,000 च्या वर धरत नाहीत, म्हणजे जास्तीत जास्त 3,750 पंधरवड्याला. अपंगत्व असेपर्यंत किंवा पाच वर्षं, जे आधी संपेल ते. आता माणूस खरंच बरा झाला, त्यालाही ते मान्य आहे, पूर्ण पगारावर मशीनवर उभा राहिला, तर भरपाई तिथे थांबते, मधल्या दिवसांचा हिशोब करून द्यायचा, यात वाद नाहीच. वाद होतो तो कंपनीचा डॉक्टर म्हणतो बरा झाला आणि माणूस म्हणतो हात वर जात नाही तेव्हा. कायद्याने त्यासाठी कलम 6 ठेवलंय. मालकाने कमिशनरकडे आढाव्याचा अर्ज करायचा, सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट लावायचं की तब्येतीत बदल झालाय, आणि मग कमिशनर ठरवणार की भरपाई चालू ठेवायची, वाढवायची, कमी करायची की बंद करायची. फिट सर्टिफिकेट म्हणजे अर्जाला लावायचा कागद आहे हो, बंद करायचा हुकूम नाही. आणि वाढवायची हा शब्द पण त्याच कलमात आहे, तो मेसेजमध्ये कोणी घातला नाही.

मालक म्हणतील निकाल लागेपर्यंत देत बसायचं का. त्याचीही सोय आहे. याच कायद्याच्या 1924 च्या नियमांत लिहिलंय की मालकाचं म्हणणं सकृतदर्शनी पटण्यासारखं दिसलं तर अर्जाचा निकाल लागेपर्यंत भरपाई पूर्ण किंवा काही भाग रोखून धरायचा आदेश कमिशनर देऊ शकतो. म्हणजे सरळ मार्ग आहे आणि तो मालकाच्या बाजूनेही विचार करून केलेला आहे, तरी लोक अकाउंटंटला सांगून पैसे थांबवतात, का तर कोणीतरी ग्रुपवर लिहिलंय.

याच मुद्द्यात कामगारांसाठी पण एक गोष्ट सांगायला हवी. मालकाने फुकट डॉक्टरी तपासणी देऊ केली आणि तुम्ही कारण नसताना नाकारली, किंवा तपासणी व्हायच्या आधीच गावी निघून गेलात, तर कलम 11 प्रमाणे हक्क स्थगित होतो आणि तेवढ्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. प्लास्टर घातलेला माणूस आईकडे गावी जातो हे साहजिक आहे, पण आधी तपासून घ्या, जाताना पत्ता लेखी द्या, पोचपावती घ्या. मालकांनीही लक्षात घ्या, स्थगित म्हणजे बंद नाही, माणूस परत येऊन तपासणीला उभा राहिला की हक्क पुन्हा सुरू.

लाईट ड्युटीचा मुद्दा सगळ्यात फसवा आहे कारण त्यात अर्धं खरं आहे. समजा माणसाला आधी 15,000 होते, आता हलक्या कामावर 9,000 देताय. कायदा म्हणतो पंधरवड्याची भरपाई ही जुन्या पगाराचं अर्धं वजा नव्या पगाराचं अर्धं यापेक्षा जास्त नको. 7,500 वजा 4,500, म्हणजे 3,000. आधी 3,750 देत होता, आता 3,000 द्या. साडेसातशे कमी झाले, शून्य नाही झाले! पगार पूर्ण 15,000 केलात तर मात्र फरक शून्य आणि भरपाईही शून्य, ते बरोबर. आणि गैरहजर म्हणून बंद हे तर कायद्यात कुठेच नाही. हलकं काम त्याच्या हाताला झेपणारं होतं की नाही हा पुराव्याचा प्रश्न आहे, झेपणारं होतं असं म्हणायचं तर तेही कलम 6 च्या अर्जातच म्हणा. मी असं ‘हलकं काम’ बघितलंय जिथे पट्टा बांधलेल्या माणसाला स्टोअरमध्ये बॉक्स उचलायला लावले आणि दोन दिवसांनी तो आला नाही म्हणून मस्टरवर लाल शेरा मारला.

आता स्टॅम्प पेपर. आमच्याकडे पॉवर प्रेसवर एका हेल्परची उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. वय तीस पूर्ण, पगार पंधरा हजार. दवाखान्याचं बिल मालकाने भरलं, दोन महिने पंधरवड्याचे पैसे दिले, मग एक दिवस मला सांगितलं की पन्नास हजाराचा चेक तयार कर आणि शंभराच्या स्टॅम्पवर टाईप कर की सगळा हिशोब मिटला, पुढे काही मागणार नाही. मी टाईप केलं. त्याने सही केली, डाव्या हाताने, कारण उजव्याला अजून बँडेज होतं. मला तेव्हा कायदा माहीत नव्हता हे खरं आहे पण मी विचारलंही नाही कोणाला.

नंतर बसून हिशोब केला तो असा. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अख्खी तर्जनी गेली तर कमाईच्या ताकदीचं नुकसान 14 टक्के धरलंय. वयाप्रमाणे कायद्यात ठरलेला गुणक असतो, तीस वर्षांच्या माणसाचा 207.98. पगाराचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले 207.98 म्हणजे 18,71,820, त्याचे 14 टक्के म्हणजे 2,62,055 रुपये. यातून आधी दिलेले पंधरवड्याचे पैसे वजा होतात, दवाखान्याचा खर्च वजा होत नाही, तो मालकाने वेगळा द्यायचाच आहे. आणि आम्ही त्याला पन्नास हजारात ‘मिटवलं’ होतं.

कायदा यावर काय म्हणतो ते नीट वाचा. कलम 17, भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कुठलाही करार तेवढ्यापुरता रद्दबातल. एकरकमी तडजोड करायला बंदी नाही, पंधरवड्याच्या भरपाईऐवजी एकरकमी देता येते, दोघांच्या संमतीने, आणि संमती नसेल तर सहा महिने देऊन झाल्यावर दोघांपैकी कोणीही कमिशनरकडे अर्ज करू शकतो, ते कलम 7. पण तडजोड झाली की तिची नोंद कमिशनरकडे करायला पाठवायची, कलम 28, आणि रक्कम अपुरी आहे किंवा फसवून, दबाव टाकून सही घेतलीय असं दिसलं तर कमिशनर नोंद नाकारू शकतो. आणि जो मालक नोंदीला पाठवतच नाही त्याचं काय होतं ते कलम 29 मध्ये आहे, त्याला पूर्ण भरपाई द्यावी लागते आणि कमिशनरने वेगळं सांगितलं नाही तर आधी दिलेल्या पैशातले निम्मेच वजा करता येतात. म्हणजे स्टॅम्पवर दिलेल्या पन्नास हजारातले पंचवीसच मोजले जाणार. त्यावर कलम 4अ, देय झाल्यापासून महिन्यात दिलं नाही तर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि उशिराला नीट कारण नसेल तर रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड. विमा काढलाय म्हणून निर्धास्त असाल तर सुप्रीम कोर्टाने 1997 मध्ये वेदप्रकाश गर्ग केसमध्ये सांगितलंय की व्याजाचा भार विमा कंपनीवर जाईल पण दंड मालकाच्या खिशातून. हा मेसेज पाठवणाऱ्याने कारखानदारांचं भलं केलं असं ज्यांना वाटतंय त्यांनी हा परिच्छेद परत वाचावा.

टक्क्यांबद्दल पण एक सांगतो, कारण परिशिष्टातला आकडा दाखवून लोक फाईल बंद करतात. 1976 च्या प्रतापनारायण सिंग देव केसमध्ये सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व, 100 टक्के. माणूस जे काम करत होता ते करू शकतो का हे बघायचं असतं.

राजीनाम्याचं थोडक्यात. भरपाई ही नोकरीत असण्याची बक्षिसी नाही, कामावर झालेल्या इजेची आहे, त्यामुळे नोकरी सुटली म्हणून ती सुटत नाही. ठेकेदाराचा माणूस असेल तर कलम 12 प्रमाणे तो मुख्य मालकाकडेही मागू शकतो, मुख्य मालकाने मग ठेकेदाराकडून वसूल करावं. कारखानाच विकला तर? कलम 14अ, राहिलेली भरपाई विकलेल्या जागेवर, इमारतीवर पहिला बोजा म्हणून बसते.

आता कामगाराच्या चुकीचा मुद्दा. निष्काळजीपणा हा बचाव नाही. दारू किंवा नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट दिलेला हुकूम मुद्दाम मोडणं, किंवा मशीनचा सुरक्षा गार्ड मुद्दाम काढणं, एवढेच तीन अपवाद, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तेही चालत नाहीत. बरं, प्रेस शॉपमध्ये काम केलेला कोणीही सांगेल की गार्ड कोण काढायला लावतं, दिवसाचे पीस कोण मोजतं. शिवाय हा बचाव जबाबदारी नाकारण्यासाठी आहे, सहा महिने भरपाई दिल्यावर अचानक आठवलेलं कारण म्हणून पुढे केला तर कमिशनर पहिला प्रश्न विचारणार की मग एवढे दिवस दिली कशाला.

राहिली शेवटची ओळ, कामगार काही करू शकत नाही. मगाचच्या 1924 च्या नियमांत हीच परिस्थिती नाव घेऊन लिहिलीय. मालकाने भरपाई द्यायला सुरुवात केली आणि कामगाराच्या तब्येतीत तसा काही बदल नसताना बंद केली, तर कामगार आढाव्याचा अर्ज करू शकतो आणि त्याला डॉक्टरचं सर्टिफिकेटसुद्धा लावावं लागत नाही. भरपाईचा मूळ दावा अपघातापासून दोन वर्षांत टाकायचा, ही मुदत मात्र जपा. दावा अपघात झाला तिथेच लावला पाहिजे असंही नाही, माणूस जिथे राहतो त्या भागाच्या कमिशनरकडे लावता येतो, म्हणजे चाकणला बोट गेलं तरी बीडला केस चालते. वकिलाला पैसे नसतील तर 1987 च्या विधी सेवा कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळायचा हक्क आहे, जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे साध्या कागदावर अर्ज द्यायचा.

आमच्या त्या हेल्परने हेच केलं, गावाकडून, दोन वर्षं व्हायला पाच आठवडे राहिले असताना. मी तोवर ती नोकरी सोडली होती. तो स्टॅम्प पेपर कोणी टाईप केला आणि सही कशी घेतली हे सांगायला मी तिथे जाऊन उभा राहिलो.