सर्वात वेगवान काडतूस म्हणजे सर्वात चांगली वार्मिंट रायफल? नाही.

वार्मिंट, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या, शिकारीसाठी खास रायफल बांधून घ्यायचा विचार कोणी नुसता बोलून दाखवला, की एक ठरलेला सल्ला त्याच्या पुढ्यात येऊन पडतो. तो साधारण असा: "एवढा खर्च करतोच आहेस तर मिळेल ते सर्वात वेगवान काडतूस घे. वेग जास्त म्हणजे गोळीचा मार्ग सपाट, वारा कमी लागतो, नेम आपोआप पक्का. बॅरल झिजलं तर नवं बसवता येतं. बॅरलच्या आतल्या आट्यांचं काय ते गनस्मिथ बघून घेईल. आणि .२२३ सारख्या लहान काडतुसासाठी कस्टम रायफल बांधणं म्हणजे पैसे पाण्यात." हा सल्ला इतक्यांच्या तोंडून ऐकू येतो की नवख्याला तो सिद्ध झालेलं शास्त्र वाटतो. त्यातला एखादा मुद्दा अर्धा खरा आहे, बाकीचे चुकीचे आहेत. कस्टम रायफल एकदाच बांधली जाते आणि चुकलेली निवड पुढे अनेक वर्षं भोवते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

आधी एक गोष्ट. अमेरिकेत "वार्मिंट" या एका शब्दात बरेच उपद्रवी प्राणी कोंबलेले आहेत: कुरण पोखरणारे प्रेअरी डॉग, शेताच्या कडेला बिळं खणणारे ग्राउंडहॉग, कोकरं उचलणारे कोयोटी. प्रेअरी डॉगच्या वसाहतीसमोर बसलेला माणूस दिवसाला शेकडो गोळ्या झाडतो. कोयोटीसाठी पहाटेपासून दबा धरलेल्या माणसाला कधी एकच संधी मिळते, कधी तीही नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. वरचा सल्ला देणारा "काम कोणतं?" एवढंही विचारत नाही आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

"वेग जास्त म्हणजे मार्ग सपाट." हे खरं आहे. तीच ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी .२२३ रेमिंग्टनमधून सेकंदाला सुमारे ३,२४० फूट वेगाने निघते, .२२-२५० रेमिंग्टनमधून ३,६८० फुटांनी. दोन्ही रायफली २०० यार्डांवर झीरो केल्या, म्हणजे नेम त्या अंतरावर जुळवला, तर ३०० यार्डांवर पहिलीची गोळी सुमारे ७ इंच खाली लागते, दुसरीची सुमारे ५ इंच. म्हणजे फरक २ इंचांचा. विंचेस्टरने १९३५ मध्ये .२२० स्विफ्ट आणलं, ४८ ग्रेनची गोळी ४,११० फुटांनी फेकणारं, तेव्हा या दोन इंचांना फार मोल होतं, कारण अंतराचा अंदाज डोळ्यांनीच बांधावा लागे. आज लेझर रेंजफाइंडर अंतर यार्डापर्यंत अचूक सांगतो आणि रायफलीवरच्या दुर्बिणीच्या टरेटवर, म्हणजे नेम वर-खाली करणाऱ्या चकतीवर, मोजून क्लिक फिरवता येतात. गोळी किती खाली जाणार हे आधीच ठाऊक असतं. ठाऊक असलेल्या चुकीची दुरुस्ती करता येते, तिच्यासाठी सगळी रायफल वेगाला गहाण टाकायची गरज नाही.

"वेगवान गोळीला वारा कमी लागतो." सर्वात जास्त दिशाभूल करणारं वाक्य हेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

वारा गोळीला किती ढकलतो हे नुसतं गोळी किती वेळ हवेत आहे यावर ठरत नाही. हवेच्या विरोधामुळे तिला किती उशीर झाला, यावर ते ठरतं. निर्वात पोकळीत ती ३०० यार्ड जितक्या वेळात गेली असती, त्यापेक्षा हवेतून जाताना जो जादा वेळ लागतो, त्याला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणायचं. उत्तर म्हणजे वाऱ्याने झालेलं विचलन. म्हणजे गोळी कितीने निघाली यापेक्षा तिने वाटेत वेग किती गमावला, याला जास्त महत्त्व. आणि वेग टिकवणं हे गोळीच्या घडणीचं काम आहे. बॅलिस्टिक गुणांक, ज्याला सगळे बीसी म्हणतात, तो हेच सांगतो.

एकाच काडतुसातलं उदाहरण घेऊ, म्हणजे पुंगळी (दारू भरायचं काडतुसाचं कवच), दारू, बॅरल यांचा वाद मध्ये येणार नाही. .२०४ रुगर हे २००४ साली हॉर्नाडी आणि रुगर यांनी मिळून आणलेलं काडतूस. त्यात ३२ ग्रेनची गोळी ४,२२५ फुटांनी निघते. हाच तो आकडा, जो दाखवून काडतूस विकलं जातं. त्याच काडतुसात ४० ग्रेनची गोळी ३,९०० फुटांनी निघते, म्हणजे ३२५ फुटांनी मंद. पण हलक्या गोळीचा बीसी .२१० च्या घरात, जड गोळीचा .२७५ च्या. १०० यार्डांवर हलकी अजून पुढे असते. २०० यार्डांवर दोघी जवळजवळ बरोबरीत, ३,१०० फुटांच्या आसपास. ३०० यार्डांवर पारडं फिरलेलं असतं: हलकी २,६५० च्या जवळ उतरलेली, जड अजून २,७५० च्या वर. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात तिथे हलकी गोळी सुमारे १० इंच बाजूला जाते, जड गोळी पावणेआठ इंच. मंद निघालेल्या गोळीला वारा कमी लागला, तोही सव्वादोन इंचांनी.

आता शेजारी .२२-२५० ची ५५ ग्रेनची गोळी ठेवा. त्याच वाऱ्यात ती सुमारे ९ इंच सरकते, .२२३ मधली तीच गोळी सुमारे ११ इंच. म्हणजे .२२-२५० ने ४४० फूट जादा वेगाच्या जोरावर वाऱ्यात जे दोन इंच वाचवले, तेवढे .२०४ ने नुसती गोळी बदलून वाचवले. उभ्या प्रेअरी डॉगची रुंदी जेमतेम तीन-चार इंच. वाऱ्याचा अंदाज ताशी ३ मैलांनी चुकला तर .२२३ ची गोळी तीन इंच सरकते आणि अर्धा नेम तिथेच गेला. त्यामुळे वाऱ्याची चिंता करणं रास्त आहे, फक्त तिच्यावरचं औषध आधी गोळीत शोधायचं, पुंगळीच्या पोटात नंतर.

याच तर्काने कोणी म्हणेल, मग .२२३ मध्ये ७५ ग्रेनची लांब मॅच गोळी घालू, तिला तर वारा आणखी कमी लागतो. लागतो कमी, पण कागदावर भोकं पाडायला बनवलेली गोळी लहान प्राण्यात पटकन फुटेल याची खात्री नसते. वार्मिंट गोळीचं पातळ आवरण लागताक्षणी फुटतं. त्याने प्राणी तडफडत नाही आणि कठीण जमिनीवरून गोळी उसळून भलतीकडे जाण्याचा धोकाही खूप कमी होतो. मागे गुरं, कुंपण, कोणाचं घर असू शकतं. त्यामुळे बीसीच्या मागे लागून ही गोष्ट सोडून देणं मला मान्य नाही.

"वेग म्हणजे अचूकता." इतिहास उलट साक्ष देतो. स्विफ्ट बाजारात येऊन १५ वर्षं झाली होती, तेव्हा १९५० मध्ये रेमिंग्टनचे माइक वॉकर यांचं .२२२ रेमिंग्टन आलं. ५० ग्रेनची गोळी, ३,१४० फूट. जवळजवळ हजार फुटांनी मंद. पण बेंचरेस्टवर, जिथे पाच गोळ्या एकाच भोकात बसवण्याची स्पर्धा असते, तिथे पुढची दोन दशकं याच लहान काडतुसाने गाजवली. त्याला मागे सारलं ते लू पामिसानो आणि फेरिस पिंडेल यांच्या ६ पीपीसीने, आणि तेही आखूड, बुटकं, मध्यम वेगाचं. शिवाय या रायफली घडवणाऱ्यांचे हात, बॅरलची प्रत आणि काडतूस भरण्यातली काळजी यांचा वाटा पुंगळीच्या नावापेक्षा मोठा आहे. अचूकता हवी असेल तर पैसे बॅरलवर आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती पोकळी, कापणाऱ्यावर खर्च करा.

"बॅरल झिजलं तर नवं बसवता येतं." येतं, पण त्याआधी काय घडतं ते पाहा. .२२३ मध्ये ५५ ग्रेनच्या गोळीमागे साधारण २६ ग्रेन दारू असते, .२२-२५० मध्ये ३६ च्या आसपास. दोन्हींचं बॅरल .२२४ इंचांच्या गोळीचंच. दारू तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढली, वेग मात्र साडेतेरा टक्के. बाकीची आग त्याच भोकातून जाते आणि चेंबरच्या पुढचा घसा जाळते. प्रेअरी डॉगवर वापरलेल्या एका .२२-२५० च्या बॅरलमध्ये मी बोअरस्कोप, म्हणजे आत पाहायची बारीक दुर्बीण, घालून पाहिला होता. घशाशी आटे दिसतच नव्हते. आटलेल्या तळ्यातल्या गाळाला पडतात तशा भेगांचं जाळं, आणि त्यातून पुढे सरकल्यावर कुठे आट्यांच्या पुसट कडा सुरू होत होत्या. मालकाला वाटत होतं की दुर्बीण बिघडली.

असं बॅरल एका दिवसात मरत नाही. आधी अधूनमधून एखादी गोळी भरकटते आणि माणूस वाऱ्याला दोष देतो, मग स्वतःच्या हाताला, मग दुर्बिणीला. प्राणी जखमी होऊन बिळात जातो. नवं बॅरल बसवणं म्हणजे पुन्हा गनस्मिथची वाट पाहणं, पुन्हा चेंबर, पुन्हा सगळं भरण जुळवणं. कोयोटीसाठी वर्षाला मोजक्या गोळ्या झाडणाऱ्याला हा त्रास होणार नाही. त्याने .२२-२५० खुशाल घ्यावं, लांबवरच्या एका गोळीसाठी ते उत्तम काडतूस आहे. पण ज्याचा दिवस शेकडो गोळ्यांचा आहे, त्याने लहान पुंगळीच निवडावी आणि तीही थंड होऊ देत वापरावी.

"आट्यांचं गनस्मिथ बघून घेईल." नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय तो बघू शकत नाही, कारण पीळ, म्हणजे गोळीला फिरवणारे हे आटे किती इंचांत एक फेरा घेतात ते, ठरतो तुमच्या गोळीवरून. १४ इंचांत एक फेरा, १२ इंचांत एक, ८ इंचांत एक: गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट लागतो. वजन नव्हे, लांबी. हे दुर्लक्षित केल्यावर काय होतं याचा धडा रेमिंग्टननेच घेतला आहे. १९५५ मध्ये .२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन एकाच वर्षी आले. .२४४ ची पुंगळी मोठी होती, दारू जास्त मावत होती. पण रेमिंग्टनने ते वार्मिंटचं काडतूस मानून १२ इंचांत एक फेरा ठेवला, ९० ग्रेनपर्यंतच्या गोळ्यांसाठी. विंचेस्टरने १० इंचांत एक ठेवला आणि १०० ग्रेनची गोळी दिली, त्यामुळे एकाच रायफलीत वार्मिंट आणि हरीण दोन्ही जमलं. लोकांनी .२४३ उचललं. रेमिंग्टनने १९६३ मध्ये पीळ ९ इंचांवर आणून त्याच काडतुसाला ६ मिमी रेमिंग्टन हे नवं नाव दिलं, तोवर गाडी निघून गेली होती. पुंगळी सरस होती, पिळाने घात केला.

आज हा प्रश्न आणखी जवळ आला आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्य प्राण्यावर बंदूक चालवताना शिसेविरहित गोळी लागते. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. जुन्या पद्धतीच्या १४ इंचांच्या .२२-२५० मध्ये ती तिरकी जाऊन कागदावर लांबट भोक पाडू शकते.

उलट टोकालाही जाऊ नये. ४,००० फूट वेग आणि ८ इंचांचा पीळ एकत्र आले तर गोळी मिनिटाला ३,६०,००० फेरे घेते. पातळ आवरणाची गोळी एवढ्या फिरण्याने हवेतच विस्कटते, राखाडी धुराची रेघ दिसते आणि लक्ष्यावर काहीच पोहोचत नाही. म्हणून क्रम असा: आधी प्राणी आणि अंतर, मग दिवसाच्या गोळ्यांची संख्या, मग नेमकी गोळी, तिच्या लांबीवरून पीळ, आणि त्यानंतर ती गोळी पुरेशा वेगाने फेकणारी सर्वात लहान पुंगळी. गनस्मिथकडे जाताना गोळीचा डबाच घेऊन जा. घसा किती लांब कापायचा हेही त्याला त्या गोळीवरूनच कळेल.

राहिला शेवटचा मुद्दा, ".२२३ साठी कस्टम रायफल म्हणजे पैसे पाण्यात." ही तर लहान काडतुसांवर अन्यायच करणारी समजूत आहे. .२२३, .२०४ किंवा .२२२ यांच्या पुंगळीचं बूड .३७८ इंचांचं, त्यामुळे एकाच अ‍ॅक्शनवर (रायफलीची मूळ यंत्रणा) एकाच बोल्टने (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) तिन्हींची बॅरल बसतात. पुढे मन बदललं तर बॅरल बदलायचं, रायफल नाही. .२२-२५० चं बूड .४७३ चं, तिथे बोल्टही वेगळा. .२२३ च्या पुंगळ्या सहज मिळतात, त्यामुळे शंभर-दोनशे एकसारख्या निवडून काढणं परवडतं.

पण माझ्यासाठी सर्वात मोठं कारण दुर्बिणीत दिसतं. जड बॅरलची .२२-२५० सुद्धा चाप दाबल्यावर थोडी उसळते आणि गोळी पोहोचते त्या क्षणी समोरचं चित्र हललेलं असतं. गोळी कुठे पडली हे शेजारी बसलेल्याला विचारावं लागतं. तेवढ्याच वजनाच्या .२०४ ला धक्का इतका कमी की क्रॉसहेअर जागचे फारसे हलत नाहीत. २८० यार्डांवर बिळाच्या मातीच्या ढिगावर धूळ उडालेली मला स्वतःला दिसते, प्राण्याच्या चार बोटं उजवीकडे. वारा किती आहे ते त्या धुळीने सांगितलेलं असतं. बोल्ट मागे, पुढे, चार बोटं डावीकडे धरायचं, आणि चाप.